खाच सरळ पाहिजे

जगातली कुठलीही वस्तू माझ्या मामासासऱ्यांना पहिल्या झटक्यात पसंत पडली, असं आजवर घडलेलं नाही. ब्रह्मदेवानं खास त्यांच्यासाठी नवी सृष्टी घडवायला घेतली, तरी हे शेजारी मांडी घालून बसतील आणि "ह्ये जरा डावीकडं कललंय बगा" म्हणून पहिल्याच दिवशी त्याला हैराण करतील. मी स्वतः त्यांच्या पसंतीच्या परीक्षेतून गेलेला माणूस आहे. मुलगी बघायला आम्ही खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो होतो. मुलीचे हे थोरले मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून माझ्याकडं तांदळातला खडा बघावा तसे बघत होते. शिक्षण, पगार, घर, असलं काहीएक न विचारता त्यांनी एवढंच विचारलं, "कारखान्यात इन्स्पेक्शनला हाय म्हणं तुमी? व्हर्नियर वाचता येतो?" केसाएवढं माप काढायची ती पट्टी रोज माझ्या हातात असते, म्हणून मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक नट काढला आणि म्हणाले, "सांगा माप." आता पोहे खायला जाताना व्हर्नियर कोण घेऊन जातो! तसं मी म्हणालो, तर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून व्हर्नियरही काढून दिला. मी माप सांगितलं. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं आणि आत वर्दी दिली, "पोरगा चालंल. खरं जरा बारीक हाय." आमच्या भागात 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात, आणि मामांच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक पसंतीला शेपटासारखं एक 'खरं' चिकटलेलं असतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझ्या नावापुढचं 'खरं' अजून काही निघालेलं नाही.

याला कारण त्यांची नोकरी. मामांची उभी हयात लोंढा जंक्शनवर गेली. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, एकेका चाकावर टोला हाणायचा आणि आवाज ऐकायचा. चाक धड असलं तर खणखणीत बोलतं, तडा गेला असला तर फुटक्या मडक्यागत बोलतं. निवृत्त होताना लोकांना शाल-नारळ मिळतो. मामांना तो मिळालाच, पण साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी एक जुनी छोटी हातोडीही मागून आणली. ती कायम पिशवीत असते. नारळ घ्यायचा तर ती बाहेर निघते. खानापूरच्या बाजारातला नारळवाला मामा दिसले की गोणपाट ओढून नारळ झाकून टाकतो. आम्ही बेळगावात फ्लॅट घेतला तेव्हा मामांनी तळमजल्याचे सगळे खांब ठोकून ऐकले, आणि बिल्डर घामाघूम होऊन त्यांच्या मागं मागं फिरत राहिला. एका पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. विहीणबाईंनी मोठ्या कौतुकानं आणलेला तांब्याचा घडा मामांनी भर मांडवात ठोकला आणि जाहीर केलं, "ह्यो बोलत न्हाय. झाळलेला हाय कुठंतरी." विहीणबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. घडा खरोखरच बुडाशी झाळून, म्हणजे डाग देऊन बुजवलेला निघाला, हे आणखी वाईट झालं.

अशा माणसाच्या नशिबी दोन स्क्रू निवडण्याचं काम आलं. तेही साधेसुधे नाहीत, रायफलीचे.

मामांच्या घराला लागून भाताचं रान, रानाला लागून थेट कणकुंबीकडं गेलेलं जंगल, आणि जंगलातली रानडुकरं त्या भाताकडं वडिलोपार्जित मालमत्तेसारखी बघणारी. म्हणून मामांच्या वडिलांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढून एक तीनशेपंधराची रायफल घेतली होती. बोल्ट मागं ओढून एकेक गोळी चढवायची, तसली जुनी. वडील गेल्यावर परवाना थोरल्याच्या, म्हणजे मामांच्या नावावर झाला. पुढं दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन झाली, भांडी झाली, फणसाची झाडंसुद्धा एक तुला एक मला अशी झाली. शेवटी रायफल उरली. पंच म्हणाले, परवाना ज्याच्या नावावर त्याची रायफल. धाकटे मामा म्हणाले, "मग त्यात माझा वाटा कुठं हाय?" पंच म्हणाले, "अरं बाबा, रायफल काय मधोमध कापून द्यायची?" धाकटे उठले. स्क्रू ड्रायव्हर आणला, पंचांच्या देखत रायफल मांडीवर उलटी घेतली आणि तिच्या पोटातले दोन स्क्रू काढून आपल्या तंबाखूच्या डबीत टाकले. लाकडी दस्ता एका हातात आला, लोखंडी नळी दुसऱ्या हातात. दोन्ही भावापुढं ठेवून म्हणाले, "तुझी रायफल तुला, माझा वाटा मला. वजनानं तुझ्याकडं जास्तच गेलंय आण्णा, खरं असू दे. थोरला हाईस."

इथं मामांनी गप्प बसायला हवं होतं. पण सगळा गाव बघत होता आणि त्यांना झोंबलं होतं. ते ओरडले, "ने, ने! असले छप्पन्न स्क्रू मिळत्यात बेळगावात!"

बोलून चुकले म्हणतात ते असं. या एका वाक्यानं मामांना एकोणीस वर्षं फिरवलं. धाकटे मामा सासुरवाडीकडं, कागलच्या अलीकडं, तंबाखूच्या रानावर राहायला गेले आणि डबी सोबत घेऊन गेले. म्हणजे रायफल कर्नाटकात आणि तिचे स्क्रू महाराष्ट्रात! सीमाभागात राहून आम्ही पुष्कळ वाद बघितले, पण असा वाद दोन्ही सरकारांच्या स्वप्नातही आला नसेल. लग्नाकार्यात दोघे भेटत, पाठीला पाठ लावून बसत आणि तिऱ्हाइताला मध्ये घालून बोलत. "त्याला म्हणावं, मठ्ठा घे, गार हाय." "त्याला म्हणावं, घेतला." मठ्ठा वाढणाऱ्याची मात्र उगाच धावाधाव होई. इकडं रायफल दोन तुकड्यांत कपाटात पडून होती. रानडुकरांनाही हे कळलं असावं, कारण ती आता सहकुटुंब येऊ लागली. मामा मग संध्याकाळी बांधावर उभे राहून लोंढ्याच्या हातोडीनं रिकामा तेलाचा डबा बडवत. मामी म्हणायच्या, "बंदुकीचा परवाना हाय आनी डबा बडवत बसलाय. डब्याचा तरी काढा की परवाना!"

आता तुम्ही म्हणाल, स्क्रू तो काय! मीही पहिल्यांदा तेच म्हणालो होतो आणि दीड तासाचं व्याख्यान ऐकलं होतं. रायफलीचं सगळं लोखंड लाकडाला धरून ठेवतात ते हे दोनच स्क्रू, एक पुढचा, एक मागचा. पुढचा ढिला राहिला तर प्रत्येक बाराला नळी लाकडात हलते आणि नेम हुकतो. एखादा आटा लांब झाला तर त्याचं टोक वर येऊन बोल्टला घासतं आणि बोल्ट अडकतो. आखूड झाला तर दोन-तीन आट्यांवर लोंबकळतो आणि एक दिवस ते आटे घेऊन बाहेर येतो. डोक्याचा उतार लाकडाबाहेरच्या लोखंडी पट्टीतल्या खड्ड्याशी जुळला नाही तर कडेवरच टेकतो, पोटात बसत नाही. आवळताना आधी पुढचा, मग मागचा. मागचा आधी आवळणाऱ्या माणसाशी मामा सोयरीक करणार नाहीत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे स्क्रूच्या डोक्यावरची खाच. जुन्या कारागिरानं ते स्क्रू असे केले होते की पूर्ण आवळले की दोन्हींच्या खाचा नळीच्या रेषेत, अगदी सुतात उभ्या राहायच्या. मामांचे वडील दर खंडेनवमीला शस्त्रपूजा करताना त्या दोन खाचांवरून अंगठा फिरवायचे. अंगठा सरळ गेला की म्हणायचे, "जागच्या जागी हाय. कुणी हात लावलेला न्हाय." ते ऐकत दोघं पोरं शेजारी बसलेली असायची. मामा सांगायचे, "सगळं जमलं आनी खाच तिरकी ऱ्हायली, तर त्यो स्क्रू न्हवं जावईबापू. त्यो नुसता खिळा."

या मापांनिशी मामा बेळगावात उतरत, आणि बेळगाव म्हणजे माझं घर. मामा आले की मला रजा टाकावी लागे. पहिली वारी हार्डवेअरच्या दुकानाची. दुकानात गर्दी असताना मामा दारातूनच खड्या आवाजात विचारत, "रायफलीचा स्क्रू हाय काय, पुढचा?" सगळं दुकान गार. एक गिऱ्हाईक तर हातातला रंगाचा डबा ठेवून हळूच निघून गेलं. मामांना खोटं बोलता येत नाही. शिलाई मशीनचा म्हणा, मी शंभरदा सांगितलं. ते म्हणत, "आनी उद्या त्येनं बॉबिन दाखवली तर काय करू?" त्याऐवजी त्यांनी परवान्याची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आणि ती ते दुकानदाराच्या नाकासमोर धरत. मग परीक्षा सुरू होई. स्क्रू आधी दुकानाच्या शहाबादी फरशीवर टाकायचा आणि आवाज ऐकायचा. "बोलत न्हाय. पुढला." मग आटे. बाजारातले सगळे स्क्रू मिलिमीटरचे आणि रायफलीचे आटे जुन्या इंची मापाचे. पहिले तीन आटे नुसत्या दोन बोटांनी आत गेले पाहिजेत, जोर लावावा लागला तर ते लग्न नाही, जबरदस्ती, असं त्यांचं मत. परवानाधारक बंदूकवाल्याकडंही आम्ही गेलो. त्यानं त्याच बनावटीचे कंपनीचे नवे स्क्रू काढून दिले. आटे जुळले. मला वाटलं, सुटलो. मामांनी डोक्याला दिव्याची काजळी फासली, पट्टीच्या खड्ड्यात बसवून काढला आणि भिंगातून बघितलं. काळा ठसा अर्ध्याच कडेवर उमटला होता. "एका कुशीवर झोपलाय बगा," म्हणाले आणि परत केला. आमच्या हिनं एकदा ऑनलाइन मागवले, चकचकीत, बिनगंजाचे, डोक्याला षटकोनी भोकाचे. मामांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "सायकलीच्या सीटला लावा."

शेवटी मी आमच्या कारखान्याजवळ लेथ चालवणाऱ्या मिस्त्रीला गाठलं. भला माणूस. 'बंदुकीचा स्क्रू' म्हटल्यावर आधी त्याचा चेहरा उतरला, मग लॅमिनेट केलेला परवाना बघून चढला. त्यानं पहिली जोडी केली, मामांनी परत केली. दुसरी केली, परत. पाचव्या जोडीला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माझ्या पोरीचं लगीन तिसऱ्या स्थळात जमलं. तुमच्या मामांना नक्की स्क्रू पाहिजे न्हवं?" मीही कधी कधी हेच विचारत असे. मी दिवसभर केसाच्या दहाव्या हिश्शाच्या चुकीवर माल परत पाठवणारा माणूस, पण मामांपुढं मी म्हणजे अगदीच उदार.

हे असंच जन्मभर चाललं असतं, पण मागच्या एका निवडणुकीनं घोळ केला. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. मामा दरवेळी एका पिशवीत दस्ता आणि एका पिशवीत नळी घेऊन जात. लिहून घेणारा हवालदार कन्नड, तो दरवेळी पेन थांबवून विचारी, "ओंदा, एरडा?" म्हणजे एक की दोन? मामा बोट वर करून सांगत, "ओंदे!" एकच! त्या वेळी मात्र ठाण्यात नवे साहेब आले होते. त्यांनी दोन्ही पिशव्यांत डोकावून पाहिलं आणि मोडक्या मराठीत शांतपणे म्हणाले, "काका, हे बंदूक नाही. हे सामान आहे." मामांचा चेहरा पडला. साहेब काही वाईट नव्हते, त्यांनी पिशव्या परत दिल्या आणि समजावून सांगितलं की परवान्याची मुदत संपत आलीय, तो नव्यानं करायचा तर हत्यार धड जोडलेलं दाखवावं लागेल. दसऱ्याची सुट्टी उलटेपर्यंत मुदत. तोवर झालं नाही तर रायफल कायमची जमा. बाहेर आल्यावर मामा ठाण्याच्या पायरीवर बसले. हातोडी काढली, पायरीवर उगाच एक टोला मारला आणि म्हणाले, "बाबांची हाय वो ती. बाबांचा हात लागलेली तेवढीच एक ऱ्हायलीया."

मग मी आणि मिस्त्रीनं कंबर कसली. मुदत जेमतेम महिन्याची. मी गेज घेऊन रायफलीच्या भोकातल्या आट्यांचं माप तीनदा काढलं. मिस्त्रीनं चांगलं पोलाद शोधलं. काजळी लावून डोक्याचा उतार कणाकणानं घासला. लांबी अशी धरली की बोल्ट लोण्यासारखा फिरला. खाच तर त्यानं सगळ्यात शेवटी पाडली. स्क्रू पूर्ण आवळून, नळीच्या रेषेत खूण करून, मग काढून. अकरावी जोडी होती ती. मामांनी फरशीवर टाकली. खणखणीत बोलली. दोन बोटांनी फिरवली. गेली. आधी पुढचा आवळला, मग मागचा. काजळीचा ठसा गोल, पूर्ण. दोन्ही खाचा सुतात. मामांनी खाचांवरून अंगठा फिरवला. मिस्त्री हात जोडून उभा होता. मामांनी अंगठा रुमालाला पुसला. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, आणि सावकाश दोन्ही स्क्रू परत काढले.

मिस्त्री मटकन खाली बसला. मला मात्र राग आला, खरंच आला. म्हटलं, "मामा, आता काय राहिलं? दाखवा चूक!"

"चूक न्हाय," मामा म्हणाले. "लई बेस केलंय पोरानं. एक नंबर. खरं..."

"खरं काय?"

"खरं, ह्ये आमचं न्हवं." आणि एवढा मोठा माणूस, लोंढ्याच्या हजारो चाकांना ज्यानं हातोडीनं बोलतं केलं, तो खाली मान घालून म्हणाला, "धाकल्याचं गुडघं दुखत्यात आता. कुणी सांगितलं न्हाय मला. लग्नात जिना उतरताना दिसला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस स्क्रू शोधतोय. म्हटलं, "मामा, मग त्यांच्याकडून मागून घ्या की. मी जातो." मामा ताडकन उठले. "मागायचं? मी? छप्पन्न मिळत्यात म्हटलंय मी गावासमोर!" फेऱ्या मारल्या. पाणी प्यायले. मग माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "असं करा. व्हर्नियर घेऊन जावा आनी त्येच्या स्क्रूचं माप तेवढं घेऊन या. मागायचं न्हाय हां! माप घ्यायला काय बंदी हाय व्हय?"

अकराव्या जोडीत काही चूक नव्हती, माप घेऊन करायचं तरी काय होतं! तरी मी गेलो. धाकटे मामा तंबाखूच्या रानाकडेला खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. ते आत गेले आणि तीच तंबाखूची डबी घेऊन आले. आत तेलात भिजवलेला कापूस, कापसात दोन स्क्रू. गंजाचा ठिपका नाही. डोक्यांवर हळदकुंकवाचे जुने डाग. दर खंडेनवमीला ताम्हनात ठेवून त्यांची पूजा होत होती. इकडं मामा त्याच दिवशी, त्याच वेळी, स्क्रू नसलेल्या रायफलीला फुलं वाहत होते! मी गुपचूप व्हर्नियर काढला. त्यांनी डबी पटकन मिटली.

"मागितल्यात त्येनं?"

"नाही. फक्त माप."

"मागायचं न्हाय म्हणाला?"

"हो, तसंच म्हणाले."

धाकटे मामा खदखदून हसले. "लई हट्टी हाय आमचा आण्णा. अजून तस्साच हाय! तोंड उघडून 'धाकल्या, दे' म्हटला असता तर त्याच दिवशी दिलं असतं मी. दुसऱ्या दिवशी मागायला येईल, म्हणून डबी आत न ठेवता उंबऱ्यावरच ठेवली होती मी." मग डोळे पुसले आणि करड्या आवाजात म्हणाले, "त्याला म्हणावं, माप असं बाहेरच्या माणसाकडं देत नसतो आमी. मीच घेऊन येतो. समोर मोजून घे म्हणावं. देणार न्हाय हां! मोजून झालं की परत आणणार."

हा निरोप मी मामांना सांगितला. "येऊ दे," मामा म्हणाले. "मोजून परत देऊ. आपल्याला काय ठेवून घ्यायचंय!" आणि लगेच मामींना पुरणाची डाळ भिजत घालायला सांगितली. मामी म्हणाल्या, "दोन स्क्रू मोजायला पुरणपोळी?"

खंडेनवमीच्या सकाळी धाकटे मामा निघाले. कागलहून निपाणी, निपाणीहून बेळगाव, तिथून खानापूर, खानापूरहून गावची बस. गुडघे धरत चार गाड्या बदलून ते दारात उभे राहिले तेव्हा मामा अंगणात रायफलीचे दोन्ही भाग पाटावर मांडून, पाठमोरे बसले होते. मला म्हणाले, "त्याला म्हणावं, पाय धू." धाकटे मला म्हणाले, "त्याला म्हणावं, धुतले." मग धाकट्यांनी डबी पाटावर ठेवली. मी व्हर्नियर काढला, लांबी घेतली, जाडी घेतली, आकडे सांगितले. कुणाचं लक्ष नव्हतं. मामांनी व्हर्नियर बाजूला सारला आणि मला म्हणाले, "नुसत्या मापानं काय कळतंय? बसवून बघाया पाहिजे." धाकटे म्हणाले, "बघ की. बघायला ना कुणाची?" हे मात्र त्यांनी मला नाही, थेट भावाला म्हटलं होतं. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

धाकट्यांनी दस्ता धरला, मामांनी नळी बसवली. आधी पुढचा. दोन बोटांनी आत गेला. मग मागचा. मामांनी दोन्ही आवळले. एकोणीस पावसाळ्यांत लाकूड आकसलं होतं. मिस्त्रीनं आजच्या लाकडाच्या मापानं स्क्रू केले होते, हे मात्र जुन्या मापाचे. ते थोडे जास्तच आत फिरले, आणि पुढच्याची खाच घड्याळात बाराऐवजी एक वाजल्यासारखी तिरकी उभी राहिली. चांगली ठळक तिरकी. आंधळ्यानंही चाचपून सांगितली असती.

मामांनी खाचांवरून अंगठा फिरवला. पुढच्या खाचेवर तो अडला, सगळ्यांनी पाहिलं.

"आण्णा," धाकटे हळूच म्हणाले, "तिरकी हाय रं."

मामांनी मान वर केली. "कोण म्हणतंय? सरळ हाय. तुझं डोळं गेल्यात."

"तिरकी हाय आण्णा."

"सरळ हाय म्हणतोय न्हवं! बरोब्बर हाय! जागच्या जागी हाय. गप बस आनी फूल वाहा."

धाकट्यांनी फूल वाहिलं. एकच पाट, एकच रायफल, दोघांच्या बोटांना एकच कुंकू. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या, पोळी करपल्याचं निमित्त करून. संध्याकाळी धाकटे निघाले तेव्हा मामा म्हणाले, "मोजणी पुरती झाली न्हाय अजून. झाली की परत देतो." धाकटे म्हणाले, "घाई काय हाय? हुंदे की सावकाश." आणि रिकामी डबी खिशात टाकून बसमध्ये चढले. सुट्टी उलटल्यावर ठाण्यातल्या साहेबांनी रायफल हातात घेतली, बोल्ट दोनदा ओढला आणि हसून म्हणाले, "ईग बंदूक आयतु." आता झाली बंदूक. तिरक्या खाचेबद्दल ते काही बोलले नाहीत. मामांना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटू लागला.

तेव्हापासून दर खंडेनवमीला धाकटे मामा मोजणीला येत. दरवेळी मला बोलावणं, दरवेळी मी व्हर्नियर घेऊन हजर, आणि दरवेळी मोजणी अपुरी. रायफलीतून गोळी अजून एकही सुटलेली नाही. रानडुकरांसाठी डबा आहेच. मिस्त्रीची ती अकरावी जोडी, अगदी निर्दोष, माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. एवढा बिनचूक माल माझ्या हातून दुसरा गेलेला नाही.

यंदा धाकटे मामा आले नाहीत. गुडघ्यांनी पार नकार दिला, खाटेवरून उठवत नाही. मी आधी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याजवळ ती तंबाखूची डबी दिली. म्हणाले, "रिकामीच हाय. आता ठेवून काय करू? आण्णाला दे." नवमीला मी ती मामांच्या पाटावर ठेवली. मामांनी ती उघडली. कापसाला अजून तेलाचा वास होता. मिटली. हातोडी काढून तिच्यावर हलकेच एक टोला मारला आणि कान लावून ऐकत राहिले. डबी रायफलीच्या शेजारी ठेवली, दोन्हींवर फुलं वाहिली, आणि मग त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला. अंगठा पुढच्या खाचेवर अडला. आयुष्यात कधी कुणाला काही विचारायची ज्यांना गरज पडली नाही, ते मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "जावईबापू, तुमी इन्स्पेक्शनचं माणूस. तुमी सांगा. खाच सरळ हाय न्हवं?"

मी खाली वाकलो, भिंग लावलं आणि नीट बघितलं.

"सरळ आहे, मामा," मी म्हणालो. "अगदी सुतात आहे."

मामांनी मान हलवली. यावेळी त्यांनी 'खरं' म्हटलं नाही.